पाण्याने पेटणारी बेटे

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातले कुंडल महाराष्ट्राला ठाऊक आहे ते प्रतिसरकारच्या लढ्यामुळे आणि झरी पार्श्वनाथाच्या डोंगरामुळे. हा डोंगर, आसपासची काळी रानं, विहीर खणताना मातीखाली लागणारा मुरूम आणि मुरुमाखाली पहारीला दाद न देणारा कातळ, या सगळ्यांचे मूळ एकच आहे: गोठलेला लाव्हा. शाळेच्या भूगोलात आपण हे शिकतो. त्याच पुस्तकात पुढे असेही वाचतो, की जगातले बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांवर असतात आणि समुद्रात त्यांच्यापासून बेटांच्या लांबच लांब वक्र रांगा तयार होतात. दोन्ही धडे एकत्र वाचणाऱ्याला प्रश्न पडायला हवा. कुंडलचा कातळ ज्या आगीतून आला ती आग आणि जपान, इंडोनेशिया किंवा अंदमानचा समुद्र पेटवणारी आग एकच आहे का? सातारा-सांगलीत जमीन हादरली की ‘खाली ज्वालामुखी तर जागा होत नाही ना’ अशी शंका कोणीतरी बोलून दाखवते. तिच्या मुळाशीही हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे, की या दोन आगी वेगळ्या आहेत. दख्खनचा लाव्हा खोलवरच्या उष्णतेने तयार झाला, तर बेटांच्या कमानी पेटतात त्या पाण्यामुळे. पाण्याने आग लागते हे म्हणणे ऐकायला उफराटे वाटते, म्हणून ते पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहायला हवे.

भारतात अशी कमान एकच आहे आणि ती अंदमानच्या समुद्रात आहे. मराठी घरांत अंदमान म्हटले की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. पण जेलच्या पोर्ट ब्लेअरपासून ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन बेट आहे आणि भारताच्या भूमीवरचा हा एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. बेटाची रुंदी जेमतेम तीन किलोमीटर आणि समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३५० मीटर. मात्र पाण्याखाली हा पर्वत आणखी दोन हजार मीटरहून खोल गेलेला आहे, म्हणजे आपल्याला दिसते ते फक्त त्याचे टोक. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर तो दीर्घकाळ शांत होता. १९९१ मध्ये तो पुन्हा धगधगू लागला आणि तेव्हापासून अधूनमधून राख आणि लाव्हा टाकतो आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ या जहाजावरून जवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते, तेव्हा त्यांना हा ज्वालामुखी राख उधळताना दिसला. बॅरनच्या उत्तरेला ७१० मीटर उंचीचे, आज निद्रिस्त असलेले नारकोंडम आहे. त्यांना जोडणारी रेषा उत्तरेकडे म्यानमारच्या पोपा पर्वताकडे आणि दक्षिणेकडे सुमात्रा, जावा, बालीकडे वाढवली, की हजारो किलोमीटरची एक कमान नकाशावर उभी राहते.

या कमानीच्या बाहेरच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला समुद्रतळात एक खोल चर, म्हणजे गर्ता, आहे. तिथे भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली शिरतो आणि खाली प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तप्त खडकाच्या थरात, उतरत जातो. वेग वर्षाला काही सेंटिमीटरचा. तो खाली उतरतो हे कशावरून कळते? भूकंपांच्या खोलीवरून. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत दाखवून दिले, की जपानच्या समुद्रातील गर्तेजवळचे भूकंप उथळ असतात आणि तिथून आशिया खंडाकडे सरकत जावे तसे ते अधिकाधिक खोल होत जातात. म्हणजे भूकंपांची केंद्रे तिरक्या उतरणीवर मांडलेली असतात. ही उतरण म्हणजेच खाली जाणारा भूपट्ट. ज्वालामुखींची रांग या उतरणीवर कुठेही उगवत नाही. बुडता भूपट्ट साधारण १०० किलोमीटर खोल पोहोचला, की त्याच्या बरोबर वर ती उभी राहते. जपान असो, अ‍ॅल्युशियन बेटे असोत की इंडोनेशिया, थोड्याफार फरकाने हीच खोली पुन्हापुन्हा आढळते. तेव्हा त्या खोलीवर असे काय घडते, हा खरा प्रश्न आहे.

सहज सुचणारे उत्तर असे, की दोन भूपट्ट एकमेकांवर घासतात, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि खडक वितळतो. एके काळी अभ्यासकांनीही हे उत्तर गांभीर्याने घेतले होते. ते टिकत नाही, कारण बुडणारा भूपट्ट कोट्यवधी वर्षे समुद्राच्या तळाशी राहून थंड झालेला असतो. असा प्रचंड थंड थर खाली गेला, की भोवतालचे तप्त प्रावरणही थंड होऊ लागते. शिवाय घर्षणाने खडक जसजसा मऊ होतो तसतसे घर्षणच कमी होत जाते. त्यामुळे नुसत्या घासण्याने हजारो किलोमीटर लांबीची वितळण-रेषा कोट्यवधी वर्षे चालू राहणे शक्य नाही. म्हणजे पृथ्वीच्या पोटात जिथे थंडावा उतरतो, नेमकी तिथेच आग पेटते. उष्णतेचा हिशेब कितीही मांडला तरी हे कोडे सुटत नाही, कारण त्या हिशेबात एक घटक धरलेलाच नसतो.

तो घटक म्हणजे पाणी. समुद्रतळाचा खडक लाखो वर्षे खाऱ्या पाण्यात भिजतो. फटींतून पाणी आत झिरपते आणि खनिजांच्या रचनेतच बांधले जाते. वर साचलेल्या गाळातील चिकणमातीतही ते असतेच. भूपट्ट खाली उतरू लागला, की फटींतले मोकळे पाणी सुरुवातीलाच पिळून निघते, पण खनिजांत बांधलेले पाणी खोलवर जाते. दाब आणि तापमान वाढत गेल्यावर ती खनिजे मोडतात, त्यांची नवी कोरडी खनिजे बनतात आणि सुटलेले पाणी वरच्या तप्त प्रावरणात चढते. १०० किलोमीटर खोलीवर कोरडा प्रावरणाचा खडक वितळायला १४०० ते १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्याच खडकात पाणी मिसळले तर तो हजार अंशांच्या आसपास वितळू लागतो, कारण पाणी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध तोडते. बुडत्या भूपट्टाच्या वरचे प्रावरण इतके गरम आधीपासूनच असते. त्याला आणखी उष्णता मिळायची गरज नसते, त्याचा वितळण्याचा उंबरठा खाली यावा लागतो. पाणी नेमके हेच काम करते. तयार झालेला शिलारस हलका असल्याने वर चढतो आणि समुद्रातून पर्वत उगवतो.

ही केवळ कल्पना नाही. तिचा सर्वांत ठोस पुरावा लाव्हाच्या अणूंतच सापडला. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांच्या माऱ्याने बेरिलियम-१० नावाचे समस्थानिक तयार होते. ते पावसाबरोबर खाली येते आणि समुद्रतळाच्या गाळात साचते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षांचे. म्हणजे एखाद्या कोटी वर्षांत ते जवळपास संपून जाते आणि पृथ्वीच्या पोटातल्या मूळ खडकात ते असण्याचे कारणच नाही. १९८०च्या दशकात काही बेट-कमानींच्या ताज्या लाव्हात ते मोजता येण्याइतके आढळले. हवाईसारख्या, भूपट्टाच्या मधोमध असलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हात मात्र ते मिळाले नाही. याचा अर्थ सरळ आहे. आकाशात तयार झालेले अणू समुद्राच्या गाळात गेले, गाळ भूपट्टाबरोबर खाली उतरला आणि काही दशलक्ष वर्षांत तेच अणू लाव्हातून वर आले. यावर आक्षेप येतो, की सगळ्याच कमानींत हे बेरिलियम सापडत नाही. बरोबर आहे. काही ठिकाणी वरचा गाळ गर्तेपाशीच खरवडला जातो, तर काही ठिकाणी प्रवासाला इतका वेळ लागतो, की बेरिलियम वाटेतच संपते. काही कमानींत ते नाही, एवढ्याने सिद्धांत मोडत नाही. पण एका जरी कमानीत ते सापडले, तरी समुद्राचा गाळ खाली उतरून लाव्हात मिसळतो हे सिद्ध होते.

पाण्याचा दुसरा पुरावा उद्रेकाच्या तऱ्हेत दिसतो, आणि तो पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. कऱ्हेकाठी मोरगावलाही तशी राख सापडते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बोरीच्या राखेकडे लक्ष वेधले, कारण तिच्या सोबत अश्मयुगीन हत्यारे मिळाली होती. ही राख चिमूटभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर काचेचे पातळ, बाकदार, धारदार तुकडे दिसतात. काही सपाट, तर काहींना तीन फाटे फुटलेले. हे तुकडे म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. शिलारसात विरघळलेले पाणी दाब कमी होताच वाफ होऊन फुगले आणि त्याने घट्ट शिलारसाच्या चिंधड्या उडवल्या. या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांहून जास्त आहे. दख्खनच्या काळ्या कातळात ती पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ही राख इथली नाही हे उघड आहे. ती आली सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रातील टोबा ज्वालामुखीतून, म्हणजे बॅरन ज्या कमानीत आहे त्याच कमानीतून. राखेच्या वयाबद्दल मात्र मतभेद आहेत. रासायनिक साम्य पाहणारे ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या महाउद्रेकाची मानतात, तर काही कालमापने तिला कित्येक लाख वर्षे मागे, टोबाच्या जुन्या उद्रेकाकडे नेतात. हा वाद हत्यारांच्या वयासाठी फार महत्त्वाचा आहे. राख कुठून आली याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

आता दख्खनकडे पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडला आणि त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत आला. आज उरलेलाच प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. पण त्यात बॅरनसारखा शंकूच्या आकाराचा पर्वत शोधून सापडत नाही. कुंडलच्या परिसरातले डोंगर काय किंवा पश्चिमेकडचा सह्याद्री काय, सगळीकडे आडवे थरच थर दिसतात. लाव्हा लांब भेगांतून बाहेर आला आणि शांतपणे पसरला. त्यातले काही प्रवाह तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले. महाबळेश्वरच्या थरांशी तिथल्या लाव्हाचे रासायनिक नाते जुळते. हजार किलोमीटर वाहू शकणारा लाव्हा पातळ आणि तापलेला असावा लागतो. त्यात पाणी फार असते, तर तो बोरीच्या राखेसारखा हवेत उधळला गेला असता. दख्खनमध्ये स्फोटक राखेचे थर अगदीच नाहीत असे नाही, पण आडव्या लाव्हाच्या तुलनेत ते नगण्य आहेत.

इथे दगडाची चांगली पारख असणारा माणूस हरकत घेईल. आपल्या कातळातही बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, आणि त्यांत झिओलाइट नावाची पांढरी, गुलाबी स्फटिके भरलेली असतात. नाशिक, पुणे, जळगावकडची ही स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत आहेत. झिओलाइटच्या रचनेत पाणी असते. मग दख्खनचा लाव्हा कोरडा कसा म्हणायचा? याचे उत्तर थराच्या रचनेतच आहे. पोकळ्या सहसा लाव्हाच्या थराच्या माथ्याकडे जास्त असतात आणि खालचा भाग घट्ट असतो. म्हणजे वायू होता, पण थोडा, आणि तो संथपणे वर जाऊन निसटला. पोकळ्या भरल्या त्या नंतर. लाव्हा गोठल्यावर त्यातून झिरपलेल्या कोमट भूजलाने विरघळलेली द्रव्ये आणली आणि ती तिथे स्फटिकरूपाने जमली. झिओलाइटमधले पाणी पावसाचे आणि भूजलाचे आहे. शिलारस जन्मला तेव्हाचे ते नाही.

दुसरी हरकत अधिक अडचणीची आहे. बॅरन बेटही मुख्यतः बेसाल्टच ओकते. हातात घेतला तर तो दगड आणि कुंडलचा दगड यांत सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही. एकच दगड दोन वेगळ्या कारणांनी कसा जन्मेल? बेसाल्ट हे प्रावरण अंशतः वितळल्याचे फळ आहे. ते कशामुळे वितळले हे बेसाल्ट या नावावरून कळत नाही. ते कळते त्यातील अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांवरून. बेरियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम ही द्रव्ये तप्त पाण्यात सहज विरघळतात, तर नायोबियम आणि टँटलम जवळजवळ विरघळत नाहीत. बुडत्या भूपट्टातून निघालेले पाणी पहिल्या गटाला बरोबर घेऊन वर चढते आणि दुसऱ्याला खालीच ठेवते. म्हणून जगभरच्या कमानींच्या लाव्हात पहिला गट भरपूर आणि नायोबियम-टँटलम तुटपुंजे, अशी ठळक विषमता आढळते. शिवाय स्फटिकांत अडकून राहिलेल्या शिलारसाच्या सूक्ष्म थेंबांत पाणी मोजता येते. कमानींच्या शिलारसात ते सरासरी चार टक्क्यांच्या घरात भरते. समुद्रतळावर जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तिथल्या शिलारसात ते अर्धा टक्काही नसते.

रसायनशास्त्र बाजूला ठेवले तरी नुसता नकाशा पुरेसा आहे. बेटांची कमान नेहमी वरच्या भूपट्टावर उगवते, बुडणाऱ्या भूपट्टावर कधीच नाही. कारण पाणी वर चढते आणि वर असतो तो दुसरा भूपट्ट. आता कुंडल कुठे आहे ते पाहा. कुंडल ज्या भारतीय भूपट्टावर आहे, तोच अंदमानजवळ खाली बुडतो आहे. कुंडलजवळून जाणारी कृष्णा आपला गाळ बंगालच्या उपसागरात टाकते, आणि त्या उपसागराचा तळ याच भूपट्टाचा भाग आहे. अंदमानच्या गर्तेशी पोहोचणारा बहुतेक गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला हिमालयाचा आहे. तिथे तो खरवडला जातो आणि त्याचा ढीग रचला जातो. अंदमान-निकोबारची मुख्य बेटे बव्हंशी अशा खरवडलेल्या गाळाची आणि उचलल्या गेलेल्या जुन्या समुद्रतळाची बनलेली आहेत. म्हणून पोर्ट ब्लेअरच्या जमिनीखाली ज्वालामुखी नाही, आणि बाराटांग बेटावरचे चिखल उडवणारे ‘ज्वालामुखी’ म्हणजे शिलारसाचा नव्हे, तर दाबलेल्या गाळातून वायू आणि पाणी वर येण्याचा प्रकार आहे. आग पेटते ती त्याही पुढे पूर्वेला, बॅरनच्या रेषेवर. बुडणाऱ्या बाजूला बसलेल्या कुंडलला अशी आग मिळणे भूपट्टांच्या भूमितीतच बसत नाही.

मग दख्खनची आग कुठली? बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते ती आजच्या रीयुनियन बेटाखालच्या तप्तस्थळाची. प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या त्या लोटावरून भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे एक माग राहिला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन. मालदीव आणि चागोसजवळ १९८७ मध्ये समुद्रतळात भोके पाडून काढलेला लाव्हा सुमारे ५ कोटी ७० लाख आणि ४ कोटी ९० लाख वर्षांचा निघाला. मॉरिशस ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे, आणि रीयुनियनचा ज्वालामुखी आजही पेटतो. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज ज्या काळ्या दगडावर राहतात, तो त्यांच्या पूर्वजांच्या गावच्या दगडाचा अशा रीतीने दूरचा भाऊबंद ठरतो. ही बेटांची रांग असली तरी ती कमान नाही. कारण तिच्यात वयाचा क्रम आहे, आणि फक्त शेवटचे टोक जिवंत आहे. बेटांच्या कमानीत सुमात्रापासून बालीपर्यंतचे ज्वालामुखी एकाच काळात जागे असतात, कारण सगळ्यांच्या खाली तोच भूपट्ट त्याच खोलीवर पाणी सोडत असतो. तप्तस्थळाचा सिद्धांत सर्वांना मान्य नाही हेही सांगायला हवे. काही अभ्यासक दख्खनचा उगम भारताच्या कवचाला गेलेल्या भेगांत शोधतात. पण त्यांच्यापैकीही कोणी महाराष्ट्राखाली समुद्रतळ बुडत होता असे म्हणत नाही.

कमानी वक्र का असतात, याचे उत्तर पृथ्वीच्या गोल आकारात शोधले गेले. टेबल टेनिसच्या चेंडूला अंगठ्याने पोचा पाडला, की पोच्याची कड आपोआप गोलाकार होते. भूपट्टही गोलाच्या पृष्ठभागाचा तुकडा असल्याने तो आत वाकताना त्याची कड तशीच बाकते, असे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १९६८ मध्ये मांडले. कल्पना सुंदर आहे, पण एकटी पुरेशी नाही. तसे असते तर प्रत्येक कमानीचा बाक तिच्या उतरणीच्या कोनावरून ठरला असता. टोंगा-केर्मडेकची रांग जवळजवळ सरळ आहे आणि मेरियानाची फार वाकलेली. बुडत्या भूपट्टाचे ओझे गर्तेला समुद्राकडे मागे ओढते. जिथे समुद्रतळावरचा एखादा जाड पर्वत गर्तेत अडकतो, तिथे ही ओढ थांबते आणि उरलेली गर्ता मागे सरकत राहते, म्हणून बाक वाढतो. गोल पृथ्वीमुळे बाक येण्याची प्रवृत्ती असते. तो किती यावा हे प्रत्येक समुद्राचा इतिहास ठरवतो.

शेवटचा मोठा आक्षेप हिमालयाचा. तोही भूपट्टांच्या कडेवर आहे, तरी तिथे ज्वालामुखी का नाहीत? कारण तिथे आता समुद्र उरलेला नाही. खंडाचा खडक हलका असतो. तो समुद्रतळासारखा खोल बुडत नाही आणि पाण्याचा साठाही खाली नेत नाही. पण समुद्र होता तेव्हा तिथे ज्वालामुखी होते. भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस समुद्र उत्तरेकडे बुडत असताना बेटांची एक कमान तयार झाली होती. ती आज कोहिस्तान आणि लडाखमध्ये दोन खंडांत चिरडलेल्या अवस्थेत आहे, आणि कारगिल जिल्ह्यातल्या द्रासचे ज्वालामुखी खडक हा तिचाच तुकडा. महाराष्ट्रात लाव्हा वाहत होता तेव्हा भारतीय भूपट्टाच्या दूरच्या उत्तर कडेला समुद्र बुडत होता. एकाच काळात दोन्ही प्रकार घडले, तरी ते एकमेकांत मिसळले नाहीत. पाणी संपले तेव्हा लडाखची आग विझली. भारत तप्तस्थळावरून पुढे सरकला तेव्हा दख्खनची आग थांबली. आगी विझण्याची कारणेही वेगळी असावीत, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

तेव्हा सातारा-सांगलीतल्या धक्क्यांचा अर्थ काय लावायचा? ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता आणि त्यात सुमारे १८० माणसे गेली. त्यानंतर त्या भागात खोल भोके पाडून अभ्यास सुरू झाला आणि त्यासाठी कराडला संशोधन केंद्र उभे राहिले. रासाटी येथे सुमारे ९३३ मीटर लाव्हाचे थर ओलांडल्यावर ग्रॅनाइटचा प्राचीन, कठीण पाया लागला. ना शिलारसाची टाकी, ना बुडणारा समुद्रतळ. इथले भूकंप बहुतेक दहा किलोमीटरच्या आतले आहेत आणि ते या जुन्या पायातल्या फटी सरकल्याने होतात. कोयना जलाशयातल्या पाण्याच्या चढउताराचा त्यांच्याशी संबंध आहे, पण ते पाणी खडक वितळवत नाही, फटीला सरकायला मदत करते. वितळण्यासाठी लागणारी खोली आणि उष्णता तिथे नाही. अंदमानखाली मात्र २६ डिसेंबर २००४ रोजी भूपट्टांची कड सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर फाटली आणि निकोबारमधले इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचले. दोन्ही घटनांना आपण भूकंप म्हणतो, पण त्यांच्यामागची यंत्रणा वेगळी आहे.

यातून निघणारा निर्णय असा. कुंडलच्या कातळाखाली ज्वालामुखी जागा होणार नाही. त्यासाठी लागणारे पाणी वाहून नेणारा भूपट्ट तिथे नाही आणि तप्तस्थळ हजारो किलोमीटर मागे राहिले आहे. नवी गर्ता तयार व्हायला लाखो-कोट्यवधी वर्षे लागतात आणि आपल्या किनाऱ्यालगत तिची चिन्हे दिसत नाहीत. पण महाराष्ट्र दूरच्या गर्तांपासून पूर्णपणे सुटलेला नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी अरबी समुद्राच्या उत्तरेला मकरानजवळ, जिथे समुद्रतळ बुडतो आहे, मोठा भूकंप झाला. त्याची सुनामी मुंबईपर्यंत आली आणि इथेही जीव गेले. म्हणून ज्वालामुखीच्या अफवेवर वेळ घालवण्यापेक्षा दोन कामे करावीत. कोयना, कराड, पाटण आणि त्यांच्या आसपासच्या गावांत नवे घर बांधताना भिंतींना पट्ट्या आणि कोपऱ्यांना सळ्या घालायला हयगय करू नये. आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत मुलांना एवढे शिकवावे, की समुद्र अचानक मागे हटला तर शिंपले वेचायला पुढे जायचे नाही, उंचावर पळायचे.